साठ किलोंचा आमदार

तो निवडून आला तेव्हा त्याला आमदार म्हणायला कुणाची जीभ वळत नव्हती. एकोणीस वर्षं तो गावच्या सहकारी सोसायटीच्या भुईकाट्यावर बसला होता. मक्याने भरलेली ट्रॉली लोखंडी पाट्यावर चढायची, आत खोलीत तो दांडीवरचा ठोकळा बोटाने सरकवायचा, दांडी समतोल झाली की आकडा मोठ्याने वाचायचा आणि पावती फाडून खिडकीतून द्यायचा. लोक त्याला काटेवाला म्हणत. माणूस स्वभावानेही काटेरीच. 'दहा किलो जास्त लिही' म्हणणाऱ्या सख्ख्या मामाला त्याने चारचौघांत पाणउतारा करून परत पाठवलं होतं, आणि मामाने त्यानंतर त्याच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. लोकांना तो आवडायचा नाही, पण त्याच्या काट्याबद्दल शंका घेईल असा माणूस पंचक्रोशीत सापडला नसता.

सगळा मका जायचा बारा किलोमीटरवरच्या स्टार्च कारखान्यात, आणि तिथे पुन्हा वजन व्हायचं. ते दरवेळी कमी भरायचं. सहा टनांच्या ट्रॉलीमागे साधारण साठ किलो. सगळ्यांना ठाऊक होतं की कारखाना काटा मारतो. बोलायची सोय नव्हती, कारण कारखान्याचा चेअरमनच तीन वेळचा आमदार होता.

या चेअरमनशी काटेवाल्याचं जुनं वाकडं होतं. तरुणपणी तो कारखान्यात नोकरी मागायला गेला होता. चेअरमनने त्याला अर्धा तास उभं ठेवलं, त्याच्या प्रमाणपत्रांवर चहाचा कप ठेवला आणि फोनवर कुणाशी तरी बैलांविषयी बोलत बसला. शेवटी म्हणाला, "तुझ्यासारखे गेटवर रोज दहा येतात." काटेवाल्याने ते कागद उचलले, पुसले आणि घरी आला. त्या दिवसापासून चेअरमनचं नाव निघालं की त्याच्या तोंडाची चव जायची.

चेअरमनसमोर पडायलाच उभं राहायचं म्हणून विरोधी पक्षाला कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी काटेवाल्याला गाठलं. 'काटा खरा, माणूस खरा' एवढीच घोषणा. तो अकराशे मतांनी आला. लोकांनी त्याला निवडलं म्हणण्यापेक्षा चेअरमनला पाडलं म्हणणं जास्त खरं. थोरल्या भावाने मात्र जिवाचं रान केलं होतं. धाकट्याचा स्वभाव सांभाळत, त्याने दुखावलेल्या माणसांच्या पायऱ्या चढत, मामाच्याही, तो दोन महिने फिरला होता.

राजधानीत त्याला आमदार निवासातली एक अरुंद खोली मिळाली. शेजारच्या खोलीतले जुने आमदार त्याला लिफ्टमध्ये पाहून न पाहिल्यासारखं करत. त्याच्या पक्षाचा गटनेता पहिल्याच भेटीत म्हणाला, "तुम्हाला इथे एकच काम आहे. चेअरमनची चोरी बाहेर काढा. बाकी आम्ही बघतो."

त्याला तरी दुसरं काय हवं होतं? पहिल्याच भाषणात त्याने पावत्यांचे दोन गठ्ठे टेबलावर ठेवले. एक सोसायटीचा, एक कारखान्याचा. ट्रॉली तीच, दिवस तोच, फरक साठ किलोंचा. "हा माणूस तीन वर्षांत अख्ख्या तालुक्याच्या ताटातलं उचलून बसलाय," तो म्हणाला. समोरच्या बाकांवरून गोंधळ झाला, कुणीतरी 'काटेवाल्या, खाली बस' म्हणालं, तो बसला नाही. मंत्र्यांनी दोन्ही काट्यांच्या तपासणीचा हुकूम दिला. चेअरमनने पत्रकारांना एवढंच सांगितलं, "करा ना. पण त्याचाही नीट करा."

इकडे थोरला भाऊ चाळीस शेतकऱ्यांना घेऊन कारखान्याच्या गेटवर बसला. तीन वर्षांचा फरक द्या, मगच उठतो. अकरा दिवस झाले. कारखान्याच्या माणसांनी पाण्याचा नळ तोडला, ट्रक अंगावर घातल्यासारखे गेटातून बाहेर काढले, एकदा भावाच्या खांद्याला आरसा घासून गेला. तो हलला नाही. "माझा भाऊ खोटं बोलत नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

तपासणी शनिवारी सकाळी झाली. वजनमापाच्या निरीक्षक बाई आल्या. किरकोळ अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्यासोबत एक क्रेन आणि अर्ध्या अर्ध्या टनाची बारा लोखंडी वजनं. कारखान्याचं गेट बंद करून लोकांना बाहेर ठेवलं होतं. आत चेअरमनचा मॅनेजर, काटेवाला आणि पक्षाचा एक माणूस. बारा वजनं पाट्यावर ठेवली. आकडा आला सहा हजार. बाईंनी वजनं उतरवून पुन्हा ठेवली. सहा हजार.

"आतून काही केलं असेल," काटेवाला म्हणाला.

बाईंनी सील दाखवलं, तारा दाखवल्या, खालचा खड्डा उघडून दाखवला. मग म्हणाल्या, "चला, आता तुमच्याकडे."

सोसायटीचंही गेट बंद करून तिथल्या काट्यावर तीच बारा वजनं चढवली. दांडीशी बाईंनी त्यालाच उभं केलं. त्याने ठोकळा सरकवला. हात एकोणीस वर्षांचा सरावलेला, आकडा बघायच्या आधीच त्याला कळलं. सहा हजार साठ. तीनदा केलं. तीनदा तेच.

बाई खड्ड्यात उतरल्या, विजेरी लावून बराच वेळ बघत राहिल्या. वर येऊन हात पुसत म्हणाल्या, "तरफ ज्या पात्यावर टेकते, त्या पात्याची धार झिजलीय. काटा शंभराला एक किलो जास्त दाखवतो. जुनं आहे, चार-पाच वर्षांचं तरी."

"पण दर वर्षी तपासणी होते. मी स्वतः उभा असतो."

"किती वजन ठेवून?"

त्याने सांगितलं. वीस किलोची दहा.

"म्हणजे दोनशे किलो. त्यावर फरक दोन किलोंचा. तुमच्या दांडीवरची सगळ्यात लहान खूण पाचची." बाईंचा आवाज कोरडाच होता. "दिसणार कसं?"

मॅनेजर हसला नाही. त्याने फक्त मोबाईल काढला आणि बाजूला जाऊन बोलायला लागला. काटेवाल्याला ते हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

अहवाल बंद पाकिटातून मंत्र्यांकडे जायचा होता आणि मंगळवारी सभागृहात उघडायचा होता. तोवर कुणी वाच्यता करायची नाही, असं बाईंनी सगळ्यांना बजावलं. परतताना त्याची गाडी कारखान्याच्या गेटवरून गेली. थोरला उठून रस्त्यावर आला आणि त्याने काचेवर टकटक केलं. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले.

"काय निघालं?"

काटेवाल्याने काच अर्धीच खाली केली. "अहवाल यायचाय, दादा."

"पण तू बघितलंस ना?"

"मंगळवारी कळेल."

थोरल्याने त्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि मागे वळून लोकांना हात वर करून सांगितलं, "मंगळवारी. बसा अजून तीन दिवस."

घरी बायकोने ताट वाढलं. तो जेवत नाही म्हटल्यावर ती समोर बसली. त्याने सगळं सांगितलं.

"भाऊजींना सांगितलंत?"

"बोलायचं नाही म्हणालेत."

"मला सांगितलंत की."

त्याने ताट बाजूला सारलं.

"ते उन्हात बसलेत तुमच्या शब्दावर," ती म्हणाली. "आत्ता उठा आणि जाऊन सांगा."

"मी पाच वर्षं खोटा आकडा वाचत होतो, हे त्या चाळीस माणसांसमोर कसं सांगू?"

"सगळ्या राज्यासमोर सांगणार आहात ना?"

ते सोपं होतं, हे त्याला तिला सांगता आलं नाही. राज्यातल्या माणसांना तो ओळखत नव्हता.

सोमवारी गटनेत्याने बोलावून घेतलं. बातमी त्याच्यापर्यंत आली होती. "निरीक्षक विकली गेली म्हणायचं. चेअरमनने रात्रीत काटा दुरुस्त केला म्हणायचं. लोक विश्वास ठेवतील, त्यांना ठेवायचाच आहे."

"बाई विकल्या गेलेल्या नाहीत."

"हे तुम्हाला कुणी विचारलंय?"

"माझ्या हाताने ठोकळा सरकवलाय मी."

गटनेता खुर्चीत मागे रेलला. "तुमची लायकी काय होती? पावत्या फाडायची. आम्ही तुम्हाला इथे आणलं. आता आमचीच पावती फाडताय."

काटेवाल्याला चेअरमनच्या त्या खोलीतलं उभं राहणं आठवलं, आणि दोन्ही खोल्यांत फारसा फरक नाही हे जाणवलं. पण तो सत्यासाठी वगैरे पेटून उठला होता असं नाही. दांडीवर जे येईल ते वाचायचं, एवढंच त्याला येत होतं. दुसरं काही शिकायचं त्याचं वय गेलं होतं.

मंगळवारी तो चार मिनिटं बोलला. कारखान्याचा काटा बरोबर आहे. आमचा चूक होता. मी माजी आमदारांवर चोरीचा आरोप केला, तो मागे घेतो. भुईकाट्याची तपासणी पूर्ण भाराने व्हावी, असा नियम करा. समोरचे बाक आधी टाळ्या वाजवत होते, नंतर हसायला लागले. मागून त्याच्याच पक्षाचा एकजण म्हणाला, "गाढवाला गुळाची चव काय." नियमाचं कुणी ऐकलं नाही. तो दीड वर्षाने झाला, दुसऱ्याच कुणाच्या नावावर.

गेटवरच्या लोकांना हे टीव्हीवरून कळलं. कारखान्याच्या माणसांनी मुद्दाम टीव्ही गेटाच्या केबिनमध्ये आणून आवाज मोठा केला होता. मॅनेजर बाहेर येऊन थोरल्याला म्हणाला, "दादा, घरी जा आता. साठ किलो भावाकडून घ्या." चाळीस माणसं एकेक करून उठली. थोरला सगळ्यात शेवटी.

त्यानंतर गावात काटेवाल्याला 'साठ किलो' हे नाव पडलं. मिळालेच नव्हते ते साठ किलो आपल्याकडून हिसकावून घेतले, असं लोकांना वाटत होतं, आणि घेणारा चेअरमन नव्हता, हा होता. कुणी म्हणे चेअरमनने त्याला विकत घेतला, कुणी म्हणे पहिल्यापासून त्याचाच माणूस. त्याच्या गाडीवर शेण फेकलं गेलं. पक्षाने त्याला सभागृहात शेवटच्या रांगेत, खांबाआड बसवलं. मामा तेवढा भेटायला आला, आणि तोही मनापासून खूश होऊन. "मला दहा किलो दिले नाहीस आणि गावाला साठ वाटत होतास," असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

थोरल्याकडे जायला त्याने वीस दिवस लावले. खळ्यात मळणी चालू होती. यंत्राच्या आवाजात आणि भुशाच्या धुरळ्यात थोरला कणसं टाकत उभा होता. त्याने यंत्र बंद केलं नाही. काटेवाला बाजूला उभा राहिला. टोपली संपली तेव्हा थोरला जवळ आला.

"तू खरं बोललास, ते ठीक. तुझ्या जागी मीही तेच बोललो असतो."

"दादा..."

"शनिवारी काच खाली केली होतीस. तेव्हा नुसती मान हलवली असतीस तरी मी लोकांना घेऊन उठलो असतो. आमची आम्ही निभावली असती." त्याने डोळ्यांतला भुसा मनगटाने पुसला. "तीन दिवस बसवून ठेवलंस आम्हाला, कारखानावाल्यांना हसायला."

बाईंनी बोलू नका म्हटलं होतं, हे काटेवाल्याच्या तोंडाशी आलं होतं, पण ते कारण नाही हे दोघांनाही माहीत होतं.

"बाजूला हो," थोरला म्हणाला. "ट्रॉली मागे घ्यायचीय."

तो बाजूला झाला.

आमदारकीची साडेचार वर्षं उरली होती आणि ती काढायला हवी होती. दर शनिवारी तो तालुक्याच्या कार्यालयात बसायचा. लोक यायचे, कारण काम कुणाला सुटत नाही. खुर्ची ओढून बसायचे नाहीत, कागद टेबलावर टाकून उभे राहायचे. त्यालाही तसंच बरं वाटायचं, तो वाचायचा आणि सही करायचा. एका शनिवारी वहिनी आल्या. त्याही बसल्या नाहीत. शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, त्याचा अर्ज होता. वर 'माननीय आमदार यांस' आणि खाली थोरल्याची पूर्ण नावानिशी सही.

त्याने वीज कार्यालयात स्वतः चार फेऱ्या मारल्या. आठ दिवसांत ट्रान्सफॉर्मर बसला. तसा निरोप थोरल्याच्या घरून आला नाही. नवव्या दिवशी त्याने इंजिनिअरला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "परवाच जोडला साहेब. तिथले दादा स्वतः खांबाजवळ उभे होते. तुमचे कुणी लागतात का?"

"हो," काटेवाला म्हणाला, "थोरले भाऊ," आणि पुढचा अर्ज ओढून घेतला.