वाटूरहून आलेला फोन

आज ऑफिसात कपाशीच्या बियाण्याचं पाकीट फुटलं. बियांना चोळलेल्या औषधाचा उग्र वास पसरला आणि मला माझी इथलीच मुलाखत आठवली. तेव्हाही टेबलावर असंच गुलाबी बी सांडलेलं होतं.

आधी दोन ठिकाणी 'मुलगी बोलतच नाही' म्हणून मला नाकारलं होतं. म्हणून या वेळी स्वतःची ओळख इंग्रजीत घोकून आले होते. पण या बियाणे कंपनीच्या साहेबांनी बायोडाटा बाजूला ठेवला, वाजणारा फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, "बोला यांच्याशी."

वाटूरचे एक शेतकरी काका होते. "बी उगवलंच न्हाई! अन् तुमी लोकं फोन कट करता!"

मी नुसतं "हं, काका" म्हणत राहिले. रान कसलं, पाणी कधी दिलं, ते आपणहून सांगत गेले. हळूहळू आवाज उतरला. "ताई, तुमी ऐकून तरी घेतलं. मंग रान बघाया माणूस पाठवा जल्दी."

"पाठवते," मी बोलून गेले. फोन ठेवला आणि लक्षात आलं, नोकरी नसताना मी शब्द देऊन बसले होते.

साहेब हसले. "आता पाठवा मंग. सोमवारपासून हा फोन तुमचाच."

किती तरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.