'होऊन राहिलं'चा रकाना

गेमच्या धंद्यात पडलो तेव्हा वाटलं होतं, सगळ्यात कठीण काम माकडाला उडी मारायला लावणं असेल. नाही बाप्पा! कोण काय करून राहिलं हे नोंदवायचं सॉफ्टवेअर निवडणं त्याहून कठीण.

पांढुर्ण्याच्या बाजारात एका दुकानाच्या वर आमची खोली. आम्ही तिघं: मी, तिगावहून येणारा प्रोग्रामर, अन् सौंसरहून रोज बसनं येणारी चित्रकार. पुण्याच्या एका कंपनीसाठी आम्ही संत्र्याच्या बागेत शिरणाऱ्या माकडांचा गेम बनवून राहिलो होतो. तुमचं काम आम्हाला रोज दिसलं पाहिजे, सॉफ्टवेअर तुम्हीच निवडा, असं कंपनीनं सांगितलं. तिघांत वयानं मोठा मी, अन् तोंडानं फटकळही मीच, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

पहिलं सॉफ्टवेअर म्हणजे नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. दिसायला रंगीबेरंगी, पण एक माकड नोंदवायला इतकी माहिती भरा की तेवढ्यात माकड काढून झालं असतं. दुसरं बारीकसारीक गोष्टीला फोन वाजवायचं. प्रोग्रामरनं तिसऱ्या दिवशी फोन डब्याच्या पिशवीत कोंबला. तिसरं साधं होतं. एक बोर्ड, त्यावर रकाने, प्रत्येक कामाचं एक कार्ड, अन् काम पुढं सरकलं की कार्ड पुढच्या रकान्यात ओढायचं. वर रकान्यांची नावं आपली आपण ठेवता येत होती. मी तेच धरलं अन् नावं लिहिली: करायचं, होऊन राहिलं, झालं. चित्रकार खूश झाली. म्हणाली, पहिल्यांदा कॉम्प्युटर आपल्या घरच्यासारखा बोलला. मी दोन दिवस फुगून फिरलो.

तिचं काम हळू चालायचं, कारण एका उडीला कितीतरी चित्रं लागतात. त्यासाठी ती जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात जाऊन दिवसभर माकडं पाहत बसली होती. घरात अशी नोकरी करणारी ती पहिलीच. सौंसरच्या शाळेतलं कारकुनाचं काम सोडून ती इकडं आली होती, अन् सहा महिन्यांत जमलं नाही तर परत शाळेत, असं वडिलांशी ठरलेलं होतं.

पाचव्या महिन्यात पुण्याच्या मॅनेजरचा फोन आला. माणूस सौम्य. चित्रं सुंदर आहेत म्हणाला, पण बोर्डावर तुमच्या चित्रकारांची सात कामं राहिली आहेत, तीही कित्येक दिवस, तेव्हा पुढच्या महिन्यापासून आम्ही इथला, पुण्याचा चित्रकार बघतो.

माझं डोकं फिरलं. बोर्ड उघडून पाहायचं सोडून उचलली जीभ लावली टाळ्याला. प्रोग्रामरच्या समोर तिला नाही नाही ते बोललो. कामं पडून राहतात अन् सांगत नाहीस, तुझ्यापायी आमचंही नाव जाते. तिनं ऐकून घेतलं अन् स्क्रीन माझ्याकडं वळवली.

"भाऊ, कुठं राहिली कामं? मी तर करून राहिली ना."

सातही माकडांची कार्डं मधल्या रकान्यात होती, मीच नाव दिलेल्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं 'होऊन राहिलं' म्हणजे काम चालू आहे, हात थांबलेला नाही. पुण्याच्या माणसानं वाचलं, व्हायचं राहिलं.

लगेच फोन लावला अन् त्याला समजावलं. तो हसला, मग ओशाळला. त्यांनाच ठेवा म्हणाला. पण रकान्याला 'सुरू आहे' असं सरळ नाव का देत नाही, असंही त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाव तेच राहील, साहेब, खाली अर्थ लिहून देतो.

फोन ठेवून मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं, वाचलीस. ती हसली नाही.

"पुण्याच्या माणसाले आपली बोली नाही समजली, ठीक हाये. तुमाले बी नाही समजली?"

मला फार लाज वाटली. जन्मभर जी बोली बोललो, ती एका फोनपायी विसरलो होतो. प्रोग्रामरच्या समोर बोललो होतो, म्हणून त्याच्याच समोर तिची माफी मागितली. संध्याकाळी बोर्डावर एक कार्ड बनवलं, 'चित्रकाराची माफी मागणं', अन् 'झालं'मध्ये टाकून घरी गेलो.

सकाळी पाहतो तर कार्ड मधल्या रकान्यात. मी तिच्याकडं पाहिलं. ती माकडाची शेपूट काढत होती, मान वर केली नाही.

"राहू द्या तिथंच," म्हणाली.

ते सॉफ्टवेअर आम्ही कायमचं घेतलं. सहा महिने उलटले, ती शाळेत परत गेली नाही. सातही माकडं 'झालं'मध्ये जाऊन बसली. ते एक कार्ड मात्र अजून होऊन राहिलं.