सुधीरच्या गाडीचा पिकअप

नमस्कार मंडळी. मेल सुधीरच्या नावाने आलाय, पण लिहितेय मी, त्याची बायको.

आमच्या छोट्या गाडीचा पिकअप वाढवायला तुमच्या ग्रुपनेच सुचवलं ना, की एअर फिल्टरचा बंद डबा काढा आणि उघडा फिल्टर बसवा? त्याने बसवला. इंजिन कसं गुरगुरतं ते अख्ख्या सोसायटीला ऐकवून झालं. पण तो स्वतः कंपनीच्या बसने जातो. ती गाडी घेऊन नेरूळहून तळोज्याला रोज मी जाते, ट्रकांच्या मागून, धूळ खात.

आज सकाळी कळंबोलीत गाडीने भसाभस निळा धूर सोडला आणि बंद पडली. दोन ट्रकवाल्यांनी ढकलत गॅरेजपर्यंत नेली. मेकॅनिकने दुपारी इंजिन उघडलं.

"मॅडम, सगळी धूळ आत गेलीय. पिस्टन, रिंगा, सगळं घासलंय. फिल्टरचा डबा काढला कोणी?"

तेवढ्यात सुधीर पोचला. मी सकाळपासून उन्हात उभी. पाणी प्यायलीस का, एवढंही विचारलं नाही. मेकॅनिकला म्हणाला, "ही क्लचवर पाय ठेवूनच चालवते हो."

मग तो उघड्या इंजिनात डोकावला आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "आता उघडलंच आहे तर मोठे पिस्टन टाकू या का? थांबा, घरी गेल्यावर ग्रुपवर विचारतो."

तो आत जेवतोय, म्हणून आधी मीच विचारून घेते. मोठे पिस्टन टाकायला खुशाल सांगा. फक्त ती गाडी घेऊन रोज तळोज्याला तुमच्यापैकी कोण जाणार, तेही कळवा.