तुमच्या बाबाचा राजीनामा

तुमच्या बाबाने नोकरी बदलली तेव्हा घरात जी धांदल उडाली, तिचं कारण तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. चूक माझी होती आणि ती मी शुद्ध इंग्रजीत केली होती.

धारूरच्या हायस्कुलात मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पत्रलेखन हा माझा आवडता भाग. रजेचा अर्ज, तक्रारीचं पत्र, राजीनामा. पहिल्या दोन्हींचा मुलांना उपयोग झाला. राजीनामा मात्र आमच्याकडे सहसा कुणी देत नाही. नोकरी लागली की माणसाची बदली होते, नाहीतर तो निवृत्त होतो.

गेल्या उन्हाळ्यात बाबाचा फोन आला. इंग्लंडातच दुसऱ्या शहरातल्या कंपनीने त्याला वरची जागा देऊ केली होती. त्यांचे कागद तेवढे यायचे होते.

"आई, जुन्या कंपनीला आत्ताच सांगू, की कागद हातात आल्यावर?"

"ठरलंय ना? मग लपवायचं कशाला? सभ्य माणूस आधी सांगतो."

त्याच संध्याकाळी मी त्याला मसुदा पाठवला. त्याने त्यातला एक स्वल्पविरामही बदलला नाही.

कंपनीने राजीनामा तितक्याच सभ्यपणे स्वीकारला, नोटिशीचे दिवसही भरू नका असं सांगितलं, आणि नियमाप्रमाणे सरकारला कळवलं की हा माणूस आता आमच्याकडे नाही. परदेशी माणसाचा व्हिसा तिथे कंपनीशी बांधलेला असतो, हे मला तेव्हा समजलं. नव्या कंपनीने जबाबदारी घेतल्याचं प्रमाणपत्र द्यायचं, त्यावर नवा अर्ज करायचा, तो मंजूर झाला की मग काम सुरू. पण नव्या कंपनीच्या वाट्याची प्रमाणपत्रं संपली होती. तिने सरकारकडे आणखी मागितली होती. एवढ्यात तिथल्या गृहखात्याचं पत्र आलं. साठ दिवसांत नवा अर्ज करा, नाहीतर देश सोडा. तुमची आई आणि तुम्ही दोघं बाबाच्याच व्हिसावर, म्हणजे चौघांनीही. बाबाने मला पत्र वाचून दाखवलं. इंग्रजी उत्तम होतं.

मी फोन ठेवला तेव्हा आमच्याकडे कामाला येणारी बाई समोर ज्वारी निवडत होती. ती उन्हाळ्यात माझ्याकडे असते आणि दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर मुकादमाच्या टोळीतून ऊसतोडीला जाते.

"बाई, तोंड कावून उतरलंय?" तिने विचारलं.

मी तिला सोपं करून सांगू लागले. व्हिसा म्हणजे काय, कंपनी जबाबदारी घेते म्हणजे काय. तिने मला मध्येच थांबवलं.

"म्हंजे मुकादम बदलायचा हाय."

"मुकादम नाही गं. इंजिनियर आहे तो."

"आसंल. पर ज्याच्या नावावर गेला त्याच्याकडंच ऱ्हायाचं, आसंच ना?"

"तसंच."

"मंग पहिल्याला आधी कावून सांगितलं? आमी दुसऱ्याच्या ट्रकात बसल्याबिगर पहिल्याला कळू देत न्हाई. त्यान्ला कुनी शिकिवलं न्हाई का?"

"शिकवलं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं. "लई शिकलं की आसं व्हतं."

माझे धाकटे दीर दोनदा सरपंच होते. ते ऐकून लगेच आले.

"वहिनी, तिकडच्या खात्यात आपलं कोण हाय?"

"कुणी नाही, भाऊजी."

"आसं कसं? कुनीतरी आसतंच."

त्यांनी तीन दिवस फोन लावले. इंग्लंडच्या गृहखात्यात आपलं कुणी निघालं नाही. तेव्हा ते इकडच्या कामाला लागले आणि एका दुपारी केजच्या इंग्रजी शाळेत चौथीत एक आणि सातवीत एक अशा दोन जागा धरून आले. "पोरं येतील तवा येतील. जागा तर हाय."

मग मीही यादी केली. वरच्या खोलीचा कूलर दुरुस्त करून घेतला. दोन पलंग आणि दोन मच्छरदाण्या आणल्या. तुम्हाला मराठी वाचता येत नाही म्हणून पहिलीचं पुस्तक आणलं, दोघांत एक. बाबा रोज फोनवर म्हणायचा, "अजून आलं नाही." मी म्हणायची, "येईल," आणि फोन ठेवून यादीत एक ओळ वाढवायची. तुमची शाळा सुटणार, मित्र सुटणार, बाबाची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, आणि तीही माझ्यामुळे, हे मला पुरतं कळत होतं. तरीही मी पलंगांवर चादरी घालून पाहिल्या.

त्रेपन्नाव्या दिवशी प्रमाणपत्र आलं. अर्ज त्याच दिवशी गेला. पुढचे काही आठवडे बाबाला काम करायची परवानगी नव्हती आणि अर्ज मागे न घेता देशाबाहेर पडायचीही नव्हती. त्याने तुमच्या बाल्कनीला रंग दिला. मग एका सकाळी फोन आला.

"आई, मंजूर झालं."

"छान झालं," मी म्हणाले, पण जरा उशिराने.

"आवाज येतोय ना?"

"येतोय. इथे रेंज बरोबर नाही."

रेंज चांगली होती.

दुसऱ्या दिवशी दीर दारात. "मंजूर झालंय म्हनं. मंग त्या शाळेतल्या जागा सोडू का? हेडमास्तर रोज इचारतोय."

"थांबा. मी रीतसर पत्र लिहिते."

पत्र मी त्याच दिवशी लिहिलं. आभार, दिलगिरी, कारण, सगळं जागच्या जागी. पण ते दहा दिवस कपाटात ठेवलं. बाबा नव्या कंपनीत पहिला दिवस भरून घरी आला आणि त्याने नव्या ओळखपत्राचा फोटो मला पाठवला, तेव्हा मी दिरांना बोलावून ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"येवढा येळ कावून लागला, वहिनी?"

मी त्यांना चहा विचारला.