भिंतीला चिकटलेला पलंग

जुन्या शहराच्या ऐन मध्यावरच्या, दगडी कमानींच्या त्या आलिशान हॉटेलाने कात टाकायचे ठरवले, तेव्हा आधी चौकातल्या लोकांच्या नाकातोंडात धूळ गेली आणि मग ‘वारसा जपला जात आहे’ अशा बातम्या छापून आल्या. भिंती फोडण्याला जतन म्हणण्याची कला मोठ्या लोकांनाच साधते. काकूंना मात्र त्या वादाशी देणेघेणे नव्हते. त्यांना घोर लागला होता तो वेगळ्याच कारणाने. हॉटेल पुन्हा उघडताना खोल्या आवरणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांनाच परत बोलावणार होते.

काकूंनी उभी हयात तिथले पलंग आवरण्यात घालवली होती. कुणाला उणा शब्द बोलणे त्यांना ठाऊक नव्हते. चहा गार आला तरी ‘जीभ भाजायची तरी भीती नाही’ म्हणून पिणाऱ्या त्या. त्यांचे यजमान मात्र दुसऱ्या टोकाचे. शाळेत व्याकरण शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जगाच्या चुका काढायचे. नळाला पाणी आले नाही तर अर्ज, आले तर धार बारीक म्हणून अर्ज. गल्लीने त्यांचे नाव तक्रारमास्तर ठेवले होते, आणि समोरून मास्तर येताना दिसले की भल्याभल्यांना पलीकडच्या पदपथावर काम निघत असे.

नूतनीकरण पुरे होण्याआधी हॉटेलाने एक नमुन्याची खोली सजवली आणि जुन्या नोकरांना जोडीने एकेक दिवस पाहुणे म्हणून राहायला बोलावले. राहा, वापरा, काही न आवरता सगळे तसेच सोडा आणि सकाळी काय खुपले ते सांगा, एवढीच अट होती. बायकांनी आपसांत ठरवून टाकले : अळीमिळी गुपचिळी. जी नावे ठेवील, तिचेच नाव आधी कापले जाईल.

निघताना काकूंनी मास्तरांना घराच्या उंबऱ्यातच थांबवले.

“अहो, उद्या ती सजावट करणारी बाई विचारेल. छान आहे म्हणायचं आणि गप्प बसायचं.”

“आणि छान नसलं तर?”

“तरी छान.”

“म्हणजे खोटी साक्ष!”

“जन्मभर खरी दिलीत ना? नळाची धार वाढली का?”

मास्तरांनी मान डोलावली. असा योग क्वचितच येई.

खोली देखणी होती, यात वाद नाही. जड पडदे, मंद उजेड, खिडकीत मनोऱ्यावरचे घड्याळ. ज्या खुर्च्या पुसण्यात आयुष्य गेले त्यांतल्या एकीवर काकू पहिल्यांदा टेकल्या, त्याही अगदी कडेला, जणू कुणी उठवायला येणार आहे. मास्तर दिव्याचे बटण शोधत भिंती चाचपडत होते.

“बटण आहे की गुप्तधन?”

“हळू बोला. भिंतीला कान असतात.”

“या भिंतीला असतीलही. खर्च काय कमी केलाय?”

सकाळी मास्तर अंघोळ करून बाहेर आले, तो काकू पलंगावर गुडघे टेकून, रांगत, गादी आणि भिंतीच्या फटीत हात घालून चादर खोचताना दिसल्या. खोली ऐसपैस दिसावी म्हणून पलंग एका अंगाने भिंतीला चिकटवला होता. टॉवेलांच्या घड्या झाल्या होत्या, बेसिन कोरडे ठणठणीत होते. इतक्यात दारावर टकटक झाली.

सजावटकार बाई आत येऊन थबकल्या. “हे काय, काल कुणी राहिलंच नाही इथं?”

काकूंना अट आठवली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “चुकलं हो. हात आपोआप चालतात.”

“मग मला कळणार कसं, कुठं अडलं ते?”

“कुठ्ठं नाही अडलं. सगळं छान!” असे म्हणत काकू पलंगावरून उतरल्या आणि नकळत त्यांचा हात कमरेवर गेला.

“तुम्हाला कसं वाटलं, सर?”

काकूंनी डोळे वटारले. मास्तरांनी ओठ आवळले, त्यांचे कान लाल झाले, पण शेवटी बांध फुटलाच.

“खोली छान आहे. हिची कंबर छान नाही. पाहुणा एका बाजूनं झोपतो, एका बाजूनं उठतो, त्याचं काय जातं? आवरणारीला मात्र खोलीखोलीत असं रांगावं लागेल. आत्ता पाहिलं मी. आणि हे मी बोलतोय, ती नाही. नाव कापायचं तर माझं कापा!”

“पण तुमचं नाव आमच्याकडे आहे कुठे?”

“नाही ना? मग झालं तर!”

बाईंनी हसू दाबले. मग त्यांनी स्वतःच गुडघे टेकून त्या फटीत हात घातला, ‘स्स’ करून बाहेर काढला आणि आभार मानून त्या निघून गेल्या.

नोकरी गेली, हे घरी परतताना काकूंनी मनोमन मान्य केले होते. उखडलेल्या पदपथावरूनही मास्तर निमूट चालले, यावरून काय ते ओळखावे.

पुढे हॉटेल उघडायची वेळ आली आणि काकूंना बोलावणे आले. पहिल्याच खोलीत पलंग भिंतीपासून सुटा उभा होता, चहूबाजूंनी माणूस चालेल इतका. काकू त्याच्याभोवती उगीचच एक फेरी मारून आल्या. दालनात भेटलेल्या सजावटकार बाई म्हणाल्या, “माझी बोटं सोलली होती त्या फटीत. सरांना म्हणावं, बरं केलंत बोललात.” ज्या जिभेपायी काकूंना जन्मभर चारचौघांत मान खाली घालावी लागली, तिचे कुणीतरी आभार मानत होते.

हा निरोप कधी सांगते असे त्यांना झाले होते. पण घराचे दार ढकलले तर समोर मास्तर घामाघूम, डोक्यावर जळमटे, आणि लग्नापासून भिंतीला चिकटलेला घरचा पलंग खोलीच्या मधोमध.

“अहो, हे काय?”

“त्या दिवसापासून रोज सकाळी पाहतोय तुला या पलंगावर रांगताना. तू घरात असताना हलवला असता, तर राहू दे म्हणाली असतीस. साऱ्या गावाच्या चुका काढल्या मी, आणि ही...” मास्तर अडखळले. “इतक्या वर्षांत कधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलत होतात ना. मध्ये जागा कुठं होती?”

मास्तर हसले, मग त्यांची नजर कपाटाकडे गेली. “आता हे अर्धंच उघडतं. सुतारानं दारच नको इतकं रुंद केलंय. बोललं पाहिजे त्याच्याशी.”

“बोला, खुशाल बोला,” काकू म्हणाल्या. चादर घेऊन त्या पलंगाच्या पलीकडच्या अंगाला गेल्या, सरळ चालत. “आधी तिकडचं टोक धरा.”

मास्तरांनी टोक धरले. चादर मात्र पार वाकडी बसली, आणि काकूंनी ती तशीच राहू दिली.