डब्याला दिलेली जागा

हिंगोलीच्या बाजारात माझ्या बोकडाचा पाय जरा सुजलेला पाहून खाटकानं भाव पाडला. त्याच भावात बोकड विकून, तो राग घेऊनच मी अकोल्याहून आलेल्या परभणीच्या एसटीत चढलो. पाहतो तर एक बाई दांडी धरून उभी, आणि तिच्या जागेवर थर्माकोलचा डबा.

"डब्याला सीट अन् माणसं लटकून राहिली व्हय?" मी आवाज चढवला.

"तिकीट माझंच आहे, भाऊ. खाली इंजिनाची धग लागते, म्हणून त्याला बसवलं."

डब्यात काय, विचारलं तर म्हणाली, बर्फ आणि बर्फात प्रयोगशाळेतल्या उंदरांचं रक्त. मी मोठ्यानं हसलो. ती चिडली नाही. ओढणीनं डब्यावरचं ऊन अडवत म्हणाली, "सूज आली की शरीर आतल्या आत निरोप धाडतं. ते निरोप म्हणजे प्रथिनं. कुठलं किती आहे, ते मी या थेंबांतून मोजते. सांधेदुखीच्या औषधासाठी."

हयातभर जनावर हातानं दाबून पारखणारा मी. मी डब्याकडे वाकून पाहिलं.

"अन् बर्फ वितळला तर?"

"तर ते उंदीर फुकट मेले."

एवढी जनावरं विकली, पण असं बोलणारं माणूस भेटलं नव्हतं.

औंढ्याला गर्दी घुसली. एकानं डबा उचलायला हात घातला.

"खबरदार! तिकीट हाय त्याचं!" मी ओरडलो आणि परभणीपर्यंत डब्यापुढे आडवा उभा राहिलो.

त्या खाटकाला मी अजून माफ केलेलं नाही. पण एखाद्या जनावराच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला की वाटतं, आत कोण कुणाला काय सांगून राहिलं असेल?