करिश्मा नात्यानं आजी लागते

शिवप्रिया माझ्या थोरल्या बहिणीची लेक. वय एकतीस. तिला एका जागी स्वस्थ बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. चहासुद्धा ओसरी ते दार, दार ते ओसरी असा फिरत फिरत पिते. माझी बहीण म्हणायची, "देवानं हिला बूड द्यायचं विसरून दोन पाय जादा दिलेत."

पुण्याला सहा वर्षं ती एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करत होती. आईचं दुखणं वाढलं तशी अणदूरला आली. बहीण गेली, पण ही परत गेली नाही. कंपनीचं काम आता घरूनच करते. घरात आम्ही दोघीच. सकाळी माझी लिंगपूजा आटपेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही, एवढं एक पथ्य ती पाळते. तेवढा वेळही अंगणात तिच्या चपलांचा आवाज चालूच असतो.

आमच्या समाजात सोयरीक जमवायची म्हटलं की लोक आधी शंकरप्पा आप्पांकडं जातात. त्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या नात्यांच्या वह्या आहेत. कुणाची लेक कुठं दिली, कुणाची सून कुठली, थोडं मराठीत, थोडं कानडीत, सगळं लिहिलेलं. मामाची, आत्याची मुलगी आमच्यात चालते. भाऊकी चालत नाही, आणि पिढी चुकलेली चालत नाही. मुलगी नात्यानं मुलाची मावशी किंवा आजी लागत असेल तर बोलणं तिथंच थांबतं.

त्या वह्यांना वाळवी लागली. शिवप्रिया म्हणाली, मी हे सगळं कॉम्प्युटरवर घेते. आप्पांनी अट घातली.

"आपल्या लेकीबाळींची नावं दुसऱ्याच्या मशीनवर जाता कामा न्हाय. गावचं हाय ते गावात ऱ्हावं."

"गावातच राहील, आप्पा. सर्व्हरच आपला बसवू."

नळदुर्गच्या सादिकभाईंकडून तिनं एक जुना कॉम्प्युटर आणला. ते म्हणाले, "ताई, याच्यावर गेम न्हाय चालायचा, आधीच सांगतो."

"गेम नाही, सादिकभाई. अख्ख्या समाजाचा गोतावळा चालवायचाय."

"मग तर लईच लोड हाय. आमच्या एकट्या मामूचा गोतावळा न्यायला दोन टेम्पो लागतात."

समाज मंदिरामागच्या खोलीत ते मशीन बसलं. मला कळावं म्हणून तिनं सांगितलं, "मावशी, वहीत ओळी असतात. यात रांगोळीसारखे ठिपके अन् रेघा. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. दोन नावं दिली की मशीन एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायची सगळ्यात जवळची वाट शोधतं." मला पटलं. ठिपक्यांची रांगोळी मी जन्मभर काढत आलेय.

पण ते सरळ बसलं नाही. आधी मशीनची मेमरी पुरेना, सारखं बंद पडायचं. मग एकदा तिनं नवीन आवृत्ती चढवली आणि चारशे माणसं पुसली गेली. माहिती ठेवायची जागा प्रोग्रामपासून वेगळी करायची राहिली होती, जुन्या आवृत्तीबरोबर सगळं गेलं. दोन दिवस जेवली नाही धड. पुन्हा पहिल्यापासून भरलं. तेव्हापासून दर सोमवारी एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो पेनड्राइव्ह माझ्या देवघरात विभूतीच्या डब्याशेजारी ठेवायचा, असं ठरलं.

सहा महिन्यांत चार हजाराच्या आसपास माणसं भरून झाली. वह्यांत जन्मसाल कुठंच नाही. नाव, बापाचं नाव, गाव. तिनं तेच धरलं. ही तिन्ही सारखी असली की माणूस एकच, असं मशीनला सांगून ठेवलं. वरती एक साधं पान केलं. दोन नावं टाकायची, 'जमतं' किंवा 'जमत नाही' असं येणार, खाली नातं.

आप्पा त्यावर इतके खूश झाले की वह्या त्यांनी पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. म्हणायचे, "मशीनला ना मुरवत, ना वशिला." श्रावणापासून अकरा सोयरिकी विचारून झाल्या. आठ वेळा 'जमतं' आलं, तीन वेळा 'जमत नाही'. कुणी वाद घातला नाही.

आणि मग गुरुवारी करिश्माचं विचारलं.

करिश्मा आमच्या मागच्या गल्लीतली. नळदुर्गला औषधाच्या दुकानात कामाला आहे. आळंदचा सोमेश तिला पाहून गेला होता, लग्नानंतर नोकरी करू द्यायला तयार होता, दोघं महिनाभर फोनवर बोलत होते. सोमवारी आळंदची माणसं सुपारी फोडायला येणार होती. आप्पांनी रीत म्हणून दोन नावं टाकली.

जमत नाही. मुलगी मुलाची आजी लागते.

आधी सगळे हसले. मग एकेकाच्या लक्षात आलं. गावात असं असतंच. पाळण्यातलं पोर मिशीवाल्याचा चुलता लागतं. आप्पांनी वाट वाचून दाखवली. सोमेशचं घराणं गंगाबाईपासून चालत आलेलं. गंगाबाई अणदूरच्या वीरभद्र शांतलिंग यांची लेक. आणि करिश्माचे पणजोबा कोण? वीरभद्र शांतलिंग. म्हणजे गंगाबाई करिश्माच्या आजोबांची बहीण झाली. सोमेश गंगाबाईखाली चौथ्या पिढीत, करिश्मा तिच्या भावाखाली दुसऱ्याच.

"नात्यानं आजी लागती," आप्पा म्हणाले. "आजीला कुणी सुपारी फोडतं व्हय?"

करिश्माच्या वडिलांना गंगाबाई ऐकूनही माहीत नव्हती. त्यांनी शुक्रवारी येरमाळ्याला आपल्या आत्याला, रुद्रम्माला फोन केला. ती नव्वदीला टेकलेली, कानानं अधू. ती फोनवर ओरडली, "व्हय की! गंगव्वा आमच्याच घरची लेक!" झालं. शिक्काच बसला. आप्पांनी सांगितलं, रविवारी चारचौघांत बोलू आणि आळंदला नकार कळवू.

त्या दिवशी दुपारी करिश्मा आमच्याकडं आली. शिवप्रियाला म्हणाली, "अक्का, तुमच्या मशीनला परत एकदा विचारा ना."

"पाच वेळा विचारलंय."

"मग सहाव्यांदा विचारा! औषधाची चिठ्ठी कळली न्हाय तर मी डॉक्टरला धा वेळा फोन लावते. चुकून एखाद्याचा जीव जाईल म्हणून." ती रडली नाही. ओढणीची टोकं गाठ मारत, सोडत बसली. "सोमेशनं फोन उचलायचं बंद केलंय. काल शेवटचं बोलला तेव्हा, काय म्हणून हाक मारू, असं म्हणाला."

ती गेल्यावर शिवप्रियानं अंगणात किती फेऱ्या घातल्या कुणास ठाऊक. मी म्हणाले, खंडोबाला जाऊन ये. म्हणाली, "देव दरवर्षीसारखे मुक्कामाला नळदुर्गला गेलेत, मावशी. देऊळ रिकामं आहे." मी म्हणाले, देव नसले तरी उंबरा आहे. गेली, आणि पाच मिनिटांत परत आली.

"मावशी, गंगाबाई घरची लेक, हे खरं. पण कुणाची लेक? रुद्रम्माला हे कुणी विचारलंच नाही."

शनिवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. तुळजापूर, धाराशिव करत येरमाळ्याला पोचेपर्यंत तिनं तीन वेळा सीट बदलली. कंडक्टर म्हणाला, "ताई, तिकीट एका सीटचं हाय."

रुद्रम्मा उन्हात गोधडीवर बसली होती. शिवप्रिया तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "आजी, गंगव्वा तुमची कोण?"

"आमच्या घरची लेक."

"तुमची बहीण का?"

"माझी?" म्हातारी तिच्याकडं बघतच राहिली. "अगं बाई, मी लहान असताना तिचे केस पांढरे झालेले. माझ्या अप्पाची, माझ्या बापाची आत्या ती."

शिवप्रिया तिथंच उकिडवी बसली. "पण तिच्या बापाचं नाव वीरभद्र. तुमच्या अप्पांचंही वीरभद्र."

"मग? आजा गेला की नातवाला आजाचं नाव. ह्यात विचारायचं काय? वीरभद्राचा शांतलिंग, शांतलिंगाचा वीरभद्र. आमच्यात तशीच माळ चालती." म्हातारीनं सुनेला हाक मारून आतून एक डबी आणवली. आत चांदीचं बारीकसं कडं, दोन बोटं जेमतेम जातील एवढं. "माझ्या अप्पाच्या बारशाला गंगव्वानं घातलेलं. बापाच्या बारशाला लेक जाती व्हय ग? शिकलीस का नुसतीच?"

परतीच्या गाडीत शिवप्रिया उभीच राहिली. बसायला जागा होती तरी.

संध्याकाळी खोली उघडून तिनं पडद्यावर सगळे ठिपके काढून पाहिले. मलाही दाखवलं. वीरभद्रापासून रेघ शांतलिंगाकडं जात होती, आणि शांतलिंगापासून परत त्याच वीरभद्राकडं येत होती. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच. मशीननं आजा आणि नातू एकाच ठिपक्यात घातले होते. माणूस आपणच आपला आजा होऊन बसला होता. दोन पिढ्या मधल्यामध्ये गायब.

"पुण्याच्या कुणी केलं असतं तर म्हटलं असतं, त्याला रीत माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्या मामाचं नाव त्याच्या आजाचं आहे, मावशी. माझ्या घरात आहे हे!"

ते तर मलाही माहीत होतं. सहा महिने तिच्या शेजारी बसून मी नावं वाचून दाखवत होते. मलाही सुचलं नाही.

रविवारी समाज मंदिरात पंधरा-वीस माणसं होती. शिवप्रिया उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "सोयरीक जमते. मुलगा-मुलगी एकाच पिढीत आहेत. चूक झाली."

आप्पा म्हणाले, "तूच म्हणाली होतीस की मशीन चुकत न्हाय."

"मशीन नाही चुकलं, आप्पा. सारखं नाव म्हणजे एकच माणूस, असं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे उद्या मशीन मलाच माझा बाप करंल!" लोक हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी घरच्या माळ्यावरचं पोतं आणायला लावलं, वाळवीनं खाल्लेली वही उघडली, आणि बराच वेळ पानं उलटून दोन ठिकाणी बोट ठेवलं.

"हे बघ. थोरला वीरभद्र ह्या पानावर, धाकटा त्या पानावर. माझ्या बापानं दोन पानं केली होती, पोरी. तू एक केलीस." मग खालच्या आवाजात, "अन् म्या पोत्यात बांधली."

सोमवारी आळंदची माणसं आली. सुपारी फुटली. सोमेशनं करिश्माला सगळ्यांदेखत "नमस्कार, आजी" म्हटलं आणि तिनं त्याच्या ताटात मुद्दाम मीठ वाढलं. शिवप्रिया पंगतीला बसली नाही. खोलीत होती. प्रत्येक माणसाला वेगळा नंबर देत होती, आणि करिश्माच्या आधीच्या तीन नकारांच्या वाटा पुन्हा पाहत होती. दोन नकार खरे होते. तिसरा नव्हता.

तिसरी भूमची महेश्वरी. श्रावणात तिला 'मावशी लागते' असं आलं होतं. मुलाचं दिवाळीनंतर दुसरीकडं लग्न झालं.

मी म्हणाले, "आता सांगून काय होणार? उगीच तिच्या जिवाला घोर."

"मशीन आपलं आहे, मावशी. कुणा कंपनीकडं बोट दाखवायची सोय नाही. जायला तर पाहिजे."

मंगळवारी भूमला गेलो. महेश्वरी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. शिवप्रियानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं पाय थांबवला नाही. शिवण संपली, दोरा दातानं तोडला, मग विचारलं,

"म्हंजे मी त्याची मावशी लागत न्हवते?"

"नाही."

"मी त्याला मावशी म्हणून आहेर केला की हो. शर्टपीस अन् टॉवेल. चारचौघांनी हसून फोटो काढला माझा." ती नवा तुकडा जोडायला लागली. "चहा घेऊन जावा. अन् त्या मशीनमधनं माझं नाव काढा."

"नंबर देऊन नीट केलंय आता. पुन्हा तसं..."

"काढा म्हणलं ना."

चहा तिच्या आईनं दिला. आम्ही तो बसून प्यायलो, शिवप्रियासुद्धा.

बुधवारी माझी पूजा झाल्यावर मीही तिच्याबरोबर खोलीवर गेले. तिनं महेश्वरीचा ठिपका काढायची आज्ञा दिली. मशीननं ऐकलं नाही. या ठिपक्याला अजून रेघा जोडलेल्या आहेत, आधी त्या काढा, असं काहीसं पडद्यावर आलं.

"रेघांसकट एकदम काढायची आज्ञाही असते," ती म्हणाली.

पण ती तिनं दिली नाही. एकेक रेघ नाव वाचून काढत गेली. बापाची. आईची. दोन भावांच्या. शेवटी ठिपका गेला, आणि तिथं पडद्यावर नुसती मोकळी जागा राहिली. एवढा वेळ ती खुर्चीतून हलली नव्हती.

मग उठली, दारापर्यंत गेली, परत आली. माळ्यावरून आणलेलं पोतं सोडून पहिली वही माझ्या हातात दिली.

"वाच, मावशी. सारखी नावं आधी. आणि प्रत्येक नावाला सांग, कुठल्या पानावरचं."